गव्हनच्या बार्बरबाई

स्कॉटलंड हें नांव महाराष्ट्रांतील वाचकांस परकें नाहीं. पेशवाईचा अस्त झाल्यावर या मुलुखाची घडी बसविणारे एल्फिन्स्टन, त्यांच्यामागून मुंबईचे गव्हर्नर झालेले माल्कम, मराठ्यांचा इतिहास इंग्रजींत लिहिणारे ग्रँट डफ, आणि गिरगांव चौपाटीसमोर ज्यांच्या नांवाचें कॉलेज आजही उभें आहे ते डॉ. विल्सन, हे सारे स्कॉच. यांतील प्रत्येकाविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे, व तें योग्यच आहे. पण हीं माणसें ज्या देशांतून आलीं त्या देशांत सामान्य गृहस्थ कसल्या खोलींत निजत होता, त्याच्या घरीं पाणी कोठून येत होतें, त्याच्या बायकोस धुणें धुण्यास आठवड्याचा कोणता वार मिळत होता, आणि यांतील कांहीं बिघडलें तर त्यानें कोणाच्या दारीं जावयाचें, याची विचारपूस आपण क्वचितच केली. ती थोडी करावी, आणि त्या निमित्तानें ग्लासगो शहरांतील एका कौन्सिलरबाईंची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ग्लासगो क्लाइड नदीच्या कांठीं वसलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें कापसाच्या गिरण्या, मागून लोखंडाच्या भट्ट्या व जहाजांचे कारखाने निघाले, आणि हायलंडांतून व आयर्लंडांतून माणसांचा लोंढा त्या शहरांत शिरला. या माणसांना राहण्यासाठीं तीन-चार मजल्यांच्या दगडी इमारती उठल्या. त्यांस तिकडे टेनेमेंट म्हणतात. गिरगांव-परळच्या चाळींत ज्यांचें आयुष्य गेलें आहे त्यांस हें चित्र डोळ्यांपुढें आणण्यास फारसे श्रम पडणार नाहींत. फरक इतकाच कीं चाळीस मोकळी गॅलरी असते, टेनेमेंटला ती नाहीं. रस्त्यावरून एक अंधारा बोळ आंत जातो, त्यास क्लोज हें नांव. बोळाच्या टोंकास सामाईक जिना, आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर दोन, तीन, कधीं चार बिऱ्हाडें. पुष्कळ बिऱ्हाडें एका खोलीचीं असत. भिंतीच्या कोनाड्यांत बिछाना, खिडकीपाशीं मोरी, एका बाजूस चूल, आणि एवढ्यांत आईबाप, मुलें, शिवाय भाड्यास हातभार लागावा म्हणून ठेवलेला एखादा परका कामगार. संडास जिन्याच्या वळणावर, आणि तो तीन-चार बिऱ्हाडांत मिळून एक. धुण्याची खोली मागच्या अंगणांत. तिच्यांतला हंडा कोणीं कोणत्या वारीं पेटवावयाचा याची पाळी ठरलेली. जिना धुण्याचीही पाळी असे, आणि या आठवड्यांत ती तुमची आहे असें छापलेलें एक कार्ड दाराच्या मुठीस अडकविलेलें दिसे. या कार्डावरून शेजारणी-शेजारणींत किती भांडणें जुंपलीं असतील आणि किती स्नेह जुळले असतील, तें त्या जिन्यांसच ठाऊक!

नगरसभेचा डोळा या खोल्यांवर होता, पण तो फार दिवस पोलिसी डोळा होता. १८६२ च्या पोलीस कायद्यानें लहान घरें मोजण्यांत आलीं आणि त्यांच्या दारांवर बिल्ले ठोकण्यांत आले. खोलींत हवा किती घनफूट आहे व तिच्यांत माणसें किती निजावीं याचा आंकडा बिल्ल्यावर असे. मोठ्या माणसास ३०० घनफूट, आठ वर्षांच्या आंतील मुलास त्याच्या निम्में. रात्रीं निरीक्षक येऊन दार ठोठावीत व डोकीं मोजीत. मोजणी चुकविण्यासाठीं माणसें कपाटांत शिरत, छपरावरदेखील जाऊन बसत. नियम करणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. दाटीनें ताप पसरतो, क्षय पसरतो, हें त्यांस कळून चुकलें होतें. परंतु एका खोलींत सात माणसें कां निजतात हा प्रश्न बिल्ल्यावर मावण्यासारखा नव्हता. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. जेम्स बर्न रसेल यांनीं १८८८ सालीं ‘एका खोलींतील आयुष्य’ या विषयावर व्याख्यान दिलें आणि तो प्रश्न सुखवस्तु नागरिकांच्या पुढ्यांत नेऊन ठेवला.

या नगरसभेची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. १८३३ पूर्वीं स्कॉटलंडच्या बहुतेक नगरसभांत जुने सभासदच नव्या सभासदांची निवड करीत. म्हणजे कारभार कांहीं घराण्यांच्या हातीं वतनासारखा राही. त्या वर्षींच्या कायद्यानें बऱ्या स्थितींतील नागरिकांस मत मिळालें आणि मग हळूहळू तें इतरांपर्यंत पोंचलें. ग्लासगोच्या सभेच्या अध्यक्षास लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणत. सभासदांपैकीं ज्यांस किरकोळ फौजदारी खटले चालविण्याचा अधिकार असे त्यांस बेली म्हणत. कौन्सिलरला वेतन नसे. सारें काम समित्यांतून चाले: पाणी, दिवे, गटारें, रस्ते, बागा, ट्राम, आरोग्य.

या समित्यांनीं कांहीं कामें मोठ्या धाडसानें केलीं. शहराला क्लाइडचें गढूळ पाणी पुरत नव्हतें व मानवतही नव्हतें. १८४८ आणि १८५३ या दोन्ही पटकीच्या सांथींत हजारों माणसें दगावलीं. लॉर्ड प्रोव्होस्ट रॉबर्ट स्ट्यूअर्ट यांनीं पुढाकार घेतलेली योजना १८५९ सालीं तडीस गेली आणि डोंगरांतल्या कॅट्रिन सरोवराचें पाणी तीस-पस्तीस मैलांवरून नळानें घरोघर आलें. १८६६ सालीं पटकी पुन्हा आली तेव्हां ग्लासगोंत मृत्यु फारच थोडे झाले. मुंबईस विहार तलावाचें पाणी आलें तें कॅट्रिननंतर एका वर्षानें, १८६० सालीं. हीं दोन्ही शहरें जणूं एकाच शाळेंत पुढेंमागें शिकत होतीं.

त्याच १८६६ सालीं दुसरी एक गोष्ट घडली. त्या वेळचे लॉर्ड प्रोव्होस्ट जॉन ब्लॅकी हे पुस्तकप्रकाशक होते. ब्लॅकी आणि सन या त्यांच्या घराण्याच्या पेढीची पुढें मुंबईंतही कचेरी होती, आणि तिचीं इंग्रजी पुस्तकें आपल्याकडील जुन्या पिढीनें शाळेंत वाचलेलीं आहेत. या ब्लॅकींनीं शहराच्या जुन्या भागांतील सडलेल्या इमारती पाडून टाकण्यासाठीं पार्लमेंटकडून कायदा मिळविला. त्यासाठीं नवा कर बसवावा लागला. कराची वार्ता पसरतांच मतदार खवळले आणि त्याच वर्षाच्या निवडणुकींत ब्लॅकी आपली जागा घालवून बसले. नळ सर्वांस हवा असतो, नळाची पट्टी कोणासच नको असते. आणि पट्टी बसविणारा कौन्सिलर दूर राजधानींत राहत नाहीं, तो पलीकडच्या आळींत राहतो व रविवारीं चर्चच्या दारांत भेटतो. ब्लॅकींची योजना मात्र टिकली. त्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें घरें पाडलीं पुष्कळ, बांधलीं थोडीं व उशिरा. ज्यांचीं घरें पडलीं तीं माणसें शेजारच्या गल्लींत जाऊन अधिक दाटीनें राहिलीं. मुंबईंत प्लेगनंतर १८९८ सालीं याच नांवाची संस्था निघाली आणि नेमकी हीच तक्रार तिच्याही वांट्यास आली. प्लेगनें ग्लासगोलाही सोडलें नाहीं. १९०० च्या उन्हाळ्यांत तो गॉर्बल्स वस्तींत शिरला. सुदैवानें लवकर आटोक्यांत आला. पुण्या-मुंबईच्या वाचकांस तो शब्द वाचून काय वाटेल तें सांगावयास नको.

आतां मूळ विषयाकडे वळूं. गव्हन हें क्लाइडच्या दक्षिण तीरावरचें गांव. १८६४ पासून त्याची स्वतःची नगरसभा होती, आणि परिश्रमावांचून कांहीं नाहीं अशा अर्थाचें लॅटिन ब्रीद त्या सभेनें घेतलें होतें. फेअरफील्डचा प्रसिद्ध जहाजकारखाना येथलाच. १९१२ सालीं ग्लासगोनें या गांवास आपल्या पोटांत घेतलें. याच गांवांत मेरी बार्बर या बाईंचा संसार होता. त्यांचा जन्म २० फेब्रुवारी १८७५ रोजीं किलबार्खन या विणकरांच्या खेड्यांत झाला. वडील गालिचे विणीत. मेरी स्वतः मुलगी असतांना सूत पिळण्याच्या व पुढें गालिचे छापण्याच्या कामावर जात. १८९६ सालीं डेव्हिड बार्बर या इंजिनियराशीं त्यांचें लग्न झालें. पहिलें मूल तान्हेपणींच गेलें. पुढें दोन मुलगे झाले, त्यांना घेऊन कुटुंब गव्हनला स्थिरावलें. किनिंग पार्कच्या सहकारी भांडाराची एक स्त्रीशाखा होती. तिच्यांत बार्बरबाई जाऊं लागल्या. सभा कशी चालवावी, ठराव कसा मांडावा, हिशेब कसा तपासावा, हें शिक्षण त्या काळच्या कामकरी बायकांस अशाच शाखांतून मिळे. भांडारांतील साखरेच्या भावाची चर्चा ही राज्यकारभाराची पहिली इयत्ता होय असें कोणी म्हटलें तर आम्ही वाद घालणार नाहीं.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. क्लाइडवर जहाजांचें व दारूगोळ्याचें काम रात्रंदिवस चालूं लागलें, हजारों कामगार नव्यानें आले, आणि नवीं घरें बांधणें मात्र थांबलें. घरमालकांनीं भाडीं चढविलीं. ग्लासगोंत मालक स्वतः भाडें वसूल करावयास येत नसे. त्यासाठीं फॅक्टर नांवाचा कारभारी असे आणि भाडेकरूंची गांठ त्याच्याशींच पडे. घरचा पुरुष रणांगणावर किंवा कारखान्यांत, त्यामुळें दार उघडावयाचें तें बाईनें. १९१५ सालीं दक्षिण गव्हनमधील बायकांनीं वाढीव भाडें न देण्याचा निश्चय केला. जुनें भाडें द्यावयास त्या तयार होत्या, नाकारीत होत्या ती वाढ. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्वयंपाकघरांत, अंगणांत, क्लोजच्या तोंडाशीं सभा भरूं लागल्या. जप्तीचा अंमलदार येतांना दिसला कीं पहाऱ्यावरची बाई घंटा वाजवी, कोणी खुळखुळा फिरवी. मग जिन्यावर बायकांची अशी दाटी होई कीं अंमलदारास वर पाऊल टाकतां येत नसे, आणि वरून पिठाच्या पुड्यांचा व ओल्या कपड्यांचा मारा होई तो निराळाच.

बार्बरबाईंच्या सहकारिणी हेलन क्रॉफर्ड यांनीं आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. एका फॅक्टरनें प्रत्येक बाईला एकटीला गांठून, तुझ्या शेजारणींनीं वाढीव भाडें केव्हांच दिलें, अशी थाप मारली. त्या बिचाऱ्यांनीं पैसे भरले. बार्बरबाईंस हें कळलें तेव्हां त्यांनीं जहाजकारखान्यांतून पुरुषांस बोलावून घेतलें, बायकांना बरोबर घेतलें आणि सारा जमाव फॅक्टरच्या कचेरीपुढें उभा केला. पैसे परत दे, एवढीच मागणी. बाहेर काजळलेल्या तोंडांचे हजारों कामगार उभे पाहून फॅक्टरनें पैसे मोजून दिले.

नोव्हेंबरपर्यंत भाडें अडवून धरणारीं कुटुंबें वीस हजारांच्या घरांत गेलीं होतीं. १७ नोव्हेंबर १९१५ रोजीं कांहीं कामगारांवर भाड्याच्या बाकीबद्दल खटले उभे राहावयाचे होते. त्या दिवशीं गव्हनच्या बायका व कारखान्यांतून बाहेर पडलेले पुरुष यांनीं शेरिफच्या कोर्टाभोंवतालचे रस्ते भरून टाकले. खटले सोडून देण्यांत आले. आठवड्याभरांत पार्लमेंटपुढें विधेयक आलें आणि वर्ष संपण्यापूर्वीं कायदा झाला: लहान घरांचें भाडें युद्धाच्या आरंभीं जें होतें त्यावर चढवावयाचें नाहीं. मुंबईच्या भाडेकरूंस अशा प्रकारचें पहिलें संरक्षण १९१८ च्या कायद्यानें मिळालें, तेंही याच युद्धाच्या निमित्तानें.

येथवरची कथा ग्लासगोंत अनेकांच्या तोंडीं आहे. विल्यम गॅलाकर यांनीं या बायकांस ‘मिसेस बार्बर यांची फौज’ असें नांव दिलें आणि तें चिकटलें. आमचें लक्ष मात्र पुढच्या अकरा वर्षांकडे अधिक जातें. त्या वर्षांत घंटा नाहीं, पिठाच्या पुड्या नाहींत; समितीचीं कागदपत्रें आहेत. म्हणूनच कीं काय, त्यांचें कौतुक पुष्कळ उशिरा सुरू झालें.

स्कॉटलंडांत स्त्रियांना नगरसभेंत बसण्याचा अधिकार १९०७ सालीं मिळाला होता आणि डॉलर नांवाच्या लहान गांवीं लव्हिनिया माल्कम या बाई त्याच वर्षीं निवडूनही आल्या होत्या. ग्लासगोस त्यासाठीं १९२० साल उजाडावें लागलें. त्या नोव्हेंबरांत शहराची नव्यानें वांटणी होऊन ३७ वॉर्ड पडले, प्रत्येकास तीन सभासद, आणि सबंध सभेची एकदम निवडणूक झाली. १९१८ च्या कायद्यानें मतदारांची संख्या फार वाढलेली होती. निवडून आलेल्या मूठभर स्त्रियांत गव्हनच्या फेअरफील्ड वॉर्डांतून मजूरपक्षातर्फे बार्बरबाई होत्या. त्यांचें वय तेव्हां पंचेचाळीस.

चळवळींत ‘देणार नाहीं’ हे दोन शब्द पुरत होते. नगरसभेंत ते पुरेनात. तेथें कोणती वस्तु, कोठें, कोणाच्या खर्चानें, याचें उत्तर द्यावें लागे, आणि त्या उत्तराचा आंकडा शेवटीं त्याच शेजारणींच्या पट्टींत दिसे. बार्बरबाईंनीं आपलें सारें लक्ष घरगुती वाटणाऱ्या मागण्यांवर ठेवलें. धुणेंघरें, स्नानगृहें, मुलांस खेळण्यास जागा, तान्ह्या मुलांचीं आरोग्यकेंद्रें, बाळंतिणीच्या घरीं कामास येणारी बाई, शाळेंत दूध, गरिबाची बचत सांभाळणारी नगरसभेची पेढी, क्षयाविरुद्ध मोहीम. अशी ती यादी आहे. सभागृहांतील जुन्या सभासदांस यांतील पुष्कळ गोष्टी नगरसभेच्या प्रतिष्ठेस न शोभणाऱ्या वाटल्या असल्यास नवल नाहीं.

यांतील धुणेंघराचीच गोष्ट घ्या. ग्रीनहेड येथें नगरसभेनें १८७८ सालींच स्नानगृह व धुणेंघर काढलें होतें. लोक त्यास स्टीमी म्हणत. बाई लहान मुलाच्या जुन्या गाडींत घरचे कपडे रचून तेथें जाई, तासाचे पैसे भरी, आणि तिला एक टांकें, उकळतें पाणी व गरम हवेनें कपडे वाळविण्याची सरकती चौकट मिळे. ज्यांनीं पावसाळ्यांत एका खोलींत दहा माणसांचे कपडे वाळविले आहेत त्यांसच या चौकटीची किंमत कळेल. आणि ग्लासगोंत पावसाळा वर्षभर असतो. मागच्या अंगणांतली सामाईक खोली म्हणजे आठवड्यांत एक वार, तोही पाऊस आला तर फुकट. स्टीमींत वाटेल त्या दिवशीं जावें, दोन तासांत काम उरकावें, आणि शिवाय चार बायका भेटून चार गोष्टी ऐकावयास मिळाव्या. ओले कपडे उशाशीं टांगून निजणाऱ्या घरांत खोकला कां हटत नाहीं हें समजण्यास वैद्यकी लागत नाहीं. तेव्हां नवें धुणेंघर मागणारी बाई ही क्षयाशींच झगडत होती, मग सभेच्या कामकाजांत त्या विषयावर कोणतेंही नांव घातलेलें असो.

दुधाचा प्रश्न अधिक अडचणीचा होता. वाचकांस वाटेल, नगरसभेनें ठरविलें कीं शाळेंत दूध मिळालें. तसें नव्हतें. १९१८ च्या कायद्यानें स्कॉटलंडांतील शाळा स्वतंत्र निवडलेल्या शिक्षणमंडळांकडे गेल्या होत्या आणि गरिबांची मदत पॅरिश कौन्सिलांकडे होती. तीं दोन्हीं कामें नगरसभेकडे आलीं १९३० सालीं. भुकेलें मूल घेऊन कौन्सिलरच्या दारीं येणाऱ्या आईला या हद्दी कोठून ठाऊक असणार? तिला एवढेंच कळे कीं आपण मत दिलें तें या बाईला. ‘हें माझ्या खात्याकडे येत नाहीं’ असें उत्तर सोयीचें आहे व खरेंही आहे. बार्बरबाईंनीं तें न देतां शाळेंतील दुधाचा पुरस्कार चालू ठेवला. १९२७ च्या सुमारास जॉन बॉइड ऑर यांनीं ग्लासगोसह अनेक गांवांच्या शाळांत मुलांना रोज दूध देऊन त्यांची उंची व वजन मोजलें, आणि दूध पिणारीं मुलें अधिक वाढतात हें आंकड्यांनीं दाखविलें. हेच ऑर पुढें जागतिक अन्नसंघटनेचे पहिले प्रमुख झाले व १९४९ चें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. गव्हनच्या आयांस तो निष्कर्ष ऐकून आश्चर्य वाटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

सर्वांत धैर्याचें काम १९२५ सालचें. गव्हनमध्यें स्त्रियांसाठीं एक सल्लाकेंद्र काढण्याचें ठरलें. संततिनियमनाविषयीं विवाहित स्त्रियांस तेथें स्त्री-डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं माहिती द्यावयाची. ग्लासगोंत असें केंद्र पूर्वीं नव्हतें. त्याच्या समितीचें अध्यक्षपद बार्बरबाईंनीं पत्करलें. गव्हनच्या वस्तींत आयरिश कॅथलिक पुष्कळ, इतर चर्चेंही या विषयाला अनुकूल नव्हतीं, आणि मजूरपक्षांतील अनेक पुरुषांस हा विषय उच्चारणेंही नकोसें होतें. ज्यांच्या मतांवर जागा टिकावयाची त्यांच्याच रोषाचें हें काम. एखाद्या निवडणूकशास्त्रज्ञानें बार्बरबाईंना दुसरा कोणताही सल्ला दिला असता, हा दिला नसता. पण आठवें-नववें बाळंतपण सोसणारी बाई त्यांनीं जिन्याजिन्यावर पाहिली होती, आणि पहिलें मूल गमावल्याचें दुःख स्वतः भोगलें होतें. येथें आपल्या र. धों. कर्वे यांची आठवण होणें साहजिक आहे. त्यांनीं मुंबईस असें केंद्र १९२१ सालींच काढलें होतें. आणि आरंभीं ज्याचा उल्लेख आला त्या विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी त्यांस याच मतांपायीं १९२५ सालीं सोडावी लागली. एका स्कॉच पाद्र्याच्या नांवाच्या संस्थेंत जें खपलें नाहीं तें त्याच वर्षीं एक स्कॉच कौन्सिलरबाई आपल्या वॉर्डांत उभें करीत होत्या. कर्व्यांस पाठीशीं मतदार नव्हते. बार्बरबाईंस होते, म्हणून त्यांना गमावण्याची भीतीही होती.

१९२४ ते १९२७ पर्यंत बार्बरबाई बेली होत्या. ग्लासगोंत हा मान मिळालेल्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं त्या एक. बेलीनें पोलीस कोर्टांत न्यायासनावर बसावयाचें, दारू पिऊन दंगा करणारा, शिवीगाळ करणारा, किरकोळ चोरी करणारा, यांस शिक्षा सांगावयाची. नऊ वर्षांपूर्वीं ज्या बाईनें शेरिफच्या कोर्टाबाहेर जमाव उभा केला ती आतां दुसऱ्या एका कोर्टांत खुर्चीवर बसली. चळवळ्या माणसास मानाची जागा दिली कीं तो थंड होतो असें कांहीं लोक म्हणतात, आणि पुष्कळदां तें खरेंही ठरतें. बार्बरबाईंच्या बाबतींत सल्लाकेंद्राचें काम याच बेलीपणाच्या मुदतींत झालें, हें अशांनीं लक्षांत घ्यावें.

जें साधलें नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. घरांचा प्रश्न, ज्याच्यासाठीं बार्बरबाई प्रथम उंबरठ्याबाहेर पडल्या, तो त्यांच्या कारकिर्दींत सुटला नाहीं. युद्धानंतर नगरसभेनें सरकारी मदतीनें स्वतः घरें बांधावयास घेतलीं. मॉसपार्क येथें बागांनीं वेढलेलीं सुबक घरें उठलीं. परंतु त्यांचें भाडें असें कीं तीं कारकून, शिक्षक व कसबी कारागीर यांच्याच वांट्यास आलीं. जिन्यावरची बाई जिन्यावरच राहिली. १९२४ सालीं आरोग्यमंत्री झालेले जॉन व्हीटली हे ग्लासगोचे जुने कौन्सिलर. १९१५ च्या लढ्यांत ते बार्बरबाईंच्या बाजूस उभे होते. त्यांच्या कायद्यानें नगरसभांस दर घरामागें वर्षाला नऊ पौंड, चाळीस वर्षेंपर्यंत, अशी मदत मिळूं लागली आणि बांधकामास वेग आला. तरी एका खोलीचीं हजारों बिऱ्हाडें ग्लासगोंत दुसऱ्या महायुद्धानंतरही होतीं, आणि तीं पाडून उभ्या केलेल्या उंच मनोऱ्यांनीं पुढें दुसरेच प्रश्न निर्माण केले.

१९३१ सालीं बार्बरबाईंनीं नगरसभेची जागा सोडली. त्यानंतरही सहकारी भांडाराच्या समित्यांचें काम त्या करीत राहिल्या, आणि गरीब मुलांना समुद्रकांठीं सहलीस नेण्याची व्यवस्था पाहत. २ एप्रिल १९५८ रोजीं त्र्याऐंशीव्या वर्षीं त्या वारल्या.

पुढें ग्लासगोची ती जुनी नगरसभाही राहिली नाहीं. १९७५ च्या फेररचनेंत ती गेली, आणि १९९६ पासून स्कॉटलंडांत एकपदरी ३२ कौन्सिलें आहेत. २००७ पासून मतदार उमेदवारांस पसंतीचे क्रमांक देतात आणि एका वॉर्डांतून सामान्यतः तीन किंवा चार सभासद निवडले जातात. कौन्सिलरला आतां वेतन मिळतें. वाचनालयांत किंवा एखाद्या सभागृहांत ठरल्या वेळीं तो बसतो व येईल त्याचें गाऱ्हाणें ऐकतो. या बैठकीस तिकडे सर्जरी म्हणजे दवाखाना असें गमतीचें नांव आहे. भिंतीस ओल आली, कचऱ्याची पेटी उचलली नाहीं, रस्त्यांत खड्डा पडला, शाळेच्या वाटेवरचा दिवा गेला. बार्बरबाईंच्या वेळच्या स्टीम्या मात्र उरल्या नाहींत. घरोघर नळ, मग धुण्याचें यंत्र आल्यावर त्या एकेक करून बंद झाल्या. त्यांच्याविषयीं हळहळणाऱ्या म्हाताऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण धुण्याची पाटी परत उचलावयास त्यांतील कोणीही तयार झाली नसती.

गव्हन क्रॉस येथें ८ मार्च २०१८ रोजीं बार्बरबाईंचा पुतळा उभा राहिला. तो अँड्र्यू ब्राउन या शिल्पकाराचा. बाई पुढें आहेत आणि त्यांच्या मागें माणसांची रांग आहे. पुतळ्यापासून जवळच भुयारी रेल्वेचें स्टेशन आहे. कामावरून परतणारीं माणसें संध्याकाळीं त्या रांगेच्या बाजूनें आपापल्या घराकडे वळतात.